गोठवलेला क्रमांक

जगात टेनिस खेळणाऱ्यांची एक यादी असते. ती दर सोमवारी निघते. त्या यादीत आपला खेळाडू सातशे त्रेचाळिसावा होता, आणि यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. सातशे बेचाळीस माणसं सोडली तर बाकी सगळं जग त्याच्या मागे होतं. त्याचे वडील भेटेल त्याला हेच सांगत. भेटणारा विचारी, "मग टीव्हीवर कधी दिसणार?" वडील म्हणत, "टीव्हीवर पहिले शंभर दिसतात. बाकीच्यांना प्रत्यक्ष बघायला जावं लागतं." प्रत्यक्ष बघायला मात्र कुणीच जात नसे, वडीलसुद्धा एकदाच गेले होते आणि चुकीच्या कोर्टासमोर दोन तास बसून आले होते.

घरात त्याला क्रमांकानेच हाक मारायची सवय लागली होती. दर सोमवारी हाक बदले. आई स्वयंपाकघरातून ओरडे, "सातशे त्रेचाळीस, जेवायला चल!" आणि मग स्वतःशीच म्हणे, "दोन आकड्यांत ये रे बाबा एकदा. तुला हाक मारून होईपर्यंत भाजी करपते."

थोरल्या बहिणीचं, म्हणजे ताईचं, रॅकेटच्या तारा बसवण्याचं दुकान होतं. एक मशीन, एक उंच स्टूल आणि भिंतीवर तारांची वेटोळी. कुणाची तार तुटली की तो तिच्याकडे येई. ती जुनी तार कापून टाकी, नवी ओवी, ताणी, आणि अंगठ्याने छेडून कान लावी. भावाच्या रॅकेटी ती बारा वर्षं अशीच बांधत आली होती. त्या वर्षी त्याचा तिसावा वाढदिवस झाला तेव्हा तिने हातातलं काम न थांबवता त्याला सांगितलं.

"हे बघ. मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत एक सामना. एकच. हरलास तरी चालेल, पण तिथे उभा राहून हर. मी बांधलेली रॅकेट त्या कोर्टावर वाजलेली मला ऐकायचीय."

"आणि नाही जमलं तर?"

"तर यंदापासून हे स्टूल तुझं. मला पाठीचा त्रास होतोच आहे."

मुख्य फेरीत एकशे अठ्ठावीस जण घेतात. त्यांच्याखालचे पात्रता फेरी खेळतात. त्यांच्याही खालचे पात्रता फेरीच्या दाराशी थांबतात. आपला खेळाडू, दार कुठे आहे हे विचारणाऱ्यांपैकी होता. तरी तो हो म्हणाला. स्टूल त्याला फार उंच वाटलं.

दुसऱ्याच दिवशी तो महासंघाच्या कचेरीत एका लहानशा स्पर्धेचा प्रवेश अर्ज द्यायला गेला. कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. जिना नुकताच पुसला होता. खेळाडू घसरला आणि त्याचा डावा घोटा मुरगळला. लंगडत लंगडत तो खिडकीशी पोचला. कारकुनाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"दुखापत का?"

"हो, आत्ताच. तुमच्याच जिन्यात."

"मग हा अर्ज चुकीचा आहे. तुम्हाला हिरवा लागेल." कारकुनाने हिरवा कागद काढला. "नियम एकतीस. जखमी खेळाडूचा क्रमांक गोठवण्यात येतो. सहा महिने रॅकेटला हात लावायचा नाही. गुण आहेत तेवढेच राहतात. कोणता पाय?"

"डावा."

कारकुनाने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "डाव्या पायाला रकाना नाही. उजव्यासमोर खूण करतो. लंगडताना तेवढं लक्षात ठेवा."

अशा रीतीने आपला खेळाडू गोठला. घोटा तीन आठवड्यांत बरा झाला. पण तोवर एक वेगळीच गोष्ट सुरू झाली होती. बाकीचे खेळत होते. टेनिसमध्ये दोन जण खेळले की त्यातला एक हरतोच. याला अजून कुणाला उपाय सापडलेला नाही. हरणारा खाली येई. आणि दुसरे खाली आले की जो हलत नाही तो आपोआप वर सरकतो. पहिल्या सोमवारी तो सातशे तीस झाला. मग सहाशे नव्वद. बारा वर्षं पहाटे उठून, धावून, पडून, हरून जे जमलं नव्हतं ते त्याला उशीवर पाय ठेवून जमू लागलं. सहावा महिना संपता संपता तो चारशे बारा होता. आईला हाक मारायला तरीही वेळ लागतच होता, पण आता आवाजात आदर होता.

सहा महिने संपताच तो धावत कचेरीत गेला. जिन्यातच आठवण झाल्यामुळे शेवटच्या चार पायऱ्या त्याने उजव्या पायाने लंगडत काढल्या.

"बरा झालो. आता खेळायचं."

"अवश्य," कारकून म्हणाला. "क्रमांक वितळवून देतो. वितळल्यावर जुने गुण मुदतबाह्य होतात. तुम्ही साधारण अकराशेवर याल."

"अकराशे? आणि नाही वितळवला तर?"

"तर चारशे बारा. असंच चालू राहिलं तर वर्षअखेर मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत तुमचं नाव लागेल."

"गोठलेला असताना प्रवेश मिळतो?"

"प्रवेश मिळतो. खेळता येत नाही." कारकुनाने शांतपणे पेनाचं टोपण लावलं. "प्रवेश आणि खेळ हे आमच्याकडे दोन वेगळे विभाग आहेत."

खेळाडूने मनातल्या मनात हिशोब केला. मुख्य फेरीत नाव लागायला हवं होतं, आणि त्यासाठी खेळणं थांबवणं भाग होतं. नाव लागल्यावर पुढचं पुढे बघू, असं म्हणून त्याने दुसरा हिरवा कागद मागितला.

मुदतवाढीसाठी डॉक्टरचा दाखला लागे. डॉक्टरने घोटा दाबून पाहिला.

"दुखतं?"

"नाही."

"पुढेमागे दुखू शकतं?"

"शकतं."

"मग झालं तर," म्हणून डॉक्टरने सही केली.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. प्रथम धावत आला तो त्याचा जुना प्रशिक्षक. याने खेळाडूला पाच वर्षांपूर्वी "तुझ्यापेक्षा नेट बरं, ते निदान चेंडू अडवतं" असं म्हणून सोडून दिलं होतं. आता त्याने खेळाडूच्या सोफ्यासमोर बूड टेकलं आणि शिट्टी गळ्यात अडकवली.

"पाय उंच! अजून उंच! उशी कुठेय? हा बघ, हा पाय आळशी माणसाचा आहे. जखमी माणसाचा पाय असा ठेवायचा, की बघणाऱ्याला चहा विचारावासा वाटतो!"

"सर, मी गेले सात महिने बसूनच आहे."

"बसतोस, पण जिद्दीने बसत नाहीस. त्या पाचशे साठवाल्याला बघ. मानसिक धक्का आहे त्याला. तीन दिवस भिंतीकडे बघतोय. याला म्हणतात एकाग्रता."

पाचशे साठवाला, तीनशे दोनवाला, दोनशे ऐंशीवाला, सगळे एकामागून एक गोठले. जे खेळत राहिले ते एकमेकांना हरवून खाली येत राहिले, आणि खाली आल्यावर त्यांनाही शहाणपण सुचून ते गोठले. महासंघाच्या जिन्यावर लंगडणाऱ्यांची इतकी गर्दी होऊ लागली की एक दिवस खरोखरच एकाचा पाय मोडला. त्याला रांगेत पुढे सोडावं की नाही यावर वाद झाला. शेवटी, खरी दुखापत झालेल्यांसाठी वेगळी तरतूद नाही, असं ठरलं.

कुणी चोरून खेळू नये म्हणून महासंघाने निरीक्षक नेमले. आपल्या खेळाडूच्या वाट्याला एक गंभीर चेहऱ्याचा निरीक्षक आला. तो न सांगता येई, चपलांचे तळवे बघे, तळहाताचे घट्टे मोजे आणि ते कमी झाले असले की पसंतीने मान डोलवी. एका दुपारी तो दारात उभा होता तेव्हा खेळाडूने गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने एक माशी मारली.

निरीक्षक आत आला. "हे काय होतं?"

"माशी होती."

"माशी मला दिसली. मी खांद्याबद्दल विचारतोय. खांदा वळला, पाय पुढे आला, शेवटी मनगट फिरलं."

"साहेब, सवयीने झालं."

"सवय हाच तर आजार आहे." निरीक्षकाने वही काढून लिहिलं, 'फोरहँड, एक. माशी, एक. पहिला इशारा.' मग दारात थांबून तो जरा हळू आवाजात म्हणाला, "फटका मात्र छान बसला हो."

त्या दिवसापासून खेळाडूला झोप लागेना. पोळपाटाकडे पाहिलं तरी हात शिवशिवे. तो न्हाणीघरात कडी लावून, नळ सोडून, रिकाम्या हाताने सर्व्हिस करी. आई बाहेरून विचारी, "एकशे सात, इतकं पाणी कशाला?" तो म्हणे, "अंघोळ करतोय." आई म्हणे, "अंघोळ करताना 'आऊट' कोण ओरडतं?"

ताईचं दुकान मात्र ओस पडलं. कुणी खेळेना, म्हणून कुणाची तार तुटेना. ती स्टुलावर बसून रिकाम्या मशीनला तेल देई.

"तुझा क्रमांक किती झाला?"

"सत्त्याण्णव," तो अभिमानाने म्हणाला.

"वा. चेंडूला शेवटचा हात कधी लावलास?"

त्याने तळहात पाठीमागे लपवले.

"मी मुख्य फेरीतला सामना मागितला होता. मुख्य फेरीतली खुर्ची नव्हती मागितली."

"ताई, नाव लागू दे. तिथे गेल्यावर मी खेळेन. नियम काहीही म्हणू दे."

"बघू," ताई म्हणाली, आणि तिने मशीनवर कापड टाकलं.

सर्वांत शेवटी गोठला तो जगातला पहिला. त्याला सगळे 'पहिला' म्हणत. तो हट्टाने खेळत राहिला, पण समोर यायला कुणी उरलंच नाही. समोर कुणी नाही म्हणजे विजय नाही, विजय नाही म्हणजे गुण नाहीत. दोनच महिन्यांत तो नववा झाला. तेव्हा घाबरून त्याने उजवा हात झोळीत घातला आणि 'मनगट आठवणीने दुखते' असा दाखला आणला. महासंघाच्या दयाळू समितीने त्याला पूर्वीच्याच जागी गोठवलं.

अशा प्रकारे मोठी स्पर्धा आली तेव्हा मुख्य फेरीतले एकशे अठ्ठावीसच्या एकशे अठ्ठावीस खेळाडू न खेळणारे होते. स्पर्धा रद्द करावी असं एकाने सुचवलं. पण पंचांचे नवे कोट शिवून झाले होते, गवत कापलं होतं, आणि मुख्य म्हणजे बारा हजार तिकिटं गेली होती. मग महासंघाने परिपत्रक काढलं. 'सामने ठरल्याप्रमाणे होतील. खेळ होणार नाही. दोन्ही खेळाडूंच्या वैद्यकीय फायली पंचांसमोर ठेवल्या जातील व वजनदार फायलीस गुण मिळेल. नियमास अनुसरून प्रत्येक खेळाडूने कोर्टावर सहा बांधलेल्या रॅकेटी आणणे बंधनकारक आहे. त्यांना हात लावल्यास नाव कायमचे खोडले जाईल.'

सोडत निघाली. पहिल्याच दिवशी, मधल्या कोर्टावर, पहिला विरुद्ध सत्त्याण्णव.

ताईने मशीनवरचं कापड काढलं आणि कित्येक महिन्यांनी सहा रॅकेटी बांधल्या. शेवटची छेडून तिने कान लावला, मग ती भावाच्या कानाशी धरली. त्याला एकदम भूक लागल्यासारखं झालं.

सामन्याच्या दिवशी स्टेडियम गच्च भरलं होतं. वडील या वेळी बरोबर कोर्टासमोर बसले होते. आई त्यांच्या शेजारी, ताई पुढच्या रांगेत. दोन्ही खेळाडू लंगडत आले आणि आपापल्या खुर्चीत बसले. पायांखाली स्टुलं सरकवली गेली. निरीक्षक कोर्टाच्या कडेला वही घेऊन उभा राहिला. पंचाने दोन क्ष-किरण चित्रं उजेडाकडे धरली आणि गंभीरपणे पुकारलं, "पंधरा-शून्य!"

टाळ्या पडल्या. मग एक रक्ताचा अहवाल उघडला गेला. पंधरा-पंधरा. प्रेक्षकांत एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "बघ, आता तो प्लास्टर काढणार. इथेच खरी कसोटी असते." मागचा एकजण म्हणाला, "हल्लीचा खेळ किती स्वच्छ झालाय ना! घाम नाही, आरडाओरडा नाही."

पहिला डाव संपला. नियमाप्रमाणे बाजू बदलायची होती. दोघे उठले, लंगडत निघाले आणि नेटपाशी एकमेकांना ओलांडताना पहिल्याने तोंड न हलवता विचारलं, "दादा, रॅकेटी कुणी बांधल्यात?"

"बहिणीने."

"तारांचा वास इथपर्यंत येतोय." पहिल्याची नजर पिशवीवरून हलेना. "मी तीन महिने झाले चेंडू मारला नाही. काल रात्री उशीला बॅकहँड मारला. बायकोने दिवा लावला."

"मी न्हाणीघरात सर्व्हिस करतो."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. पंचाने सूचना दिली, "खेळाडूंनी रेंगाळू नये."

खेळाडू आपल्या नव्या खुर्चीपाशी गेला, पण बसला नाही. त्याने पुढच्या रांगेकडे पाहिलं. ताई स्टुलावर बसल्यासारखी ताठ बसली होती. त्याच्या मनात आलं, की आपण इथे बसून जिंकलो तर ताई काही बोलणार नाही. घरी जाऊन मशीनवर कापड टाकेल, आणि पुन्हा काही मागणार नाही.

त्याने पिशवी उघडली आणि रॅकेट काढली. कोपऱ्यात, केवळ शोभेसाठी ठेवलेल्या टोपलीतून एक चेंडू उचलला, दोनदा आपटला, उंच उडवला आणि मारला.

टण्ण! असा आवाज त्या कोर्टावर वर्षभरात झाला नव्हता. पुढच्या रांगेत ताईने डोळे मिटले.

"खेळतोय!" कुणीतरी 'चोर!' ओरडावं तसं ओरडलं.

पहिल्याने चेंडू येताना पाहिला. त्याचा हात झोळीतून कसा बाहेर आला ते त्यालाही कळलं नाही. स्टूल उडालं, रॅकेट आली आणि चेंडू परत गेला. मग तो इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाऊ लागला. "थांबा! पाय मोडलेला आहे, थांबा!" पंच खुर्चीत उभा राहून किंचाळत होता. दोघे धावत होते, घसरत होते, उठत होते, हसत होते. आपला खेळाडू दोन्ही पायांनी धावत होता. कोणता जखमी होता हे तो साफ विसरला होता. पहिल्याने त्याला पार कोपऱ्यात ओढलं, तिथून त्याने डोक्यावरून उंच चेंडू टाकला, पहिल्याने तो पाठमोरा पळत पायांमधून परत केला. निरीक्षकाच्या हातून वही पडली आणि त्याने ती उचलली नाही. सत्ताविसाव्या फटक्याला आपल्या खेळाडूने चेंडू नेटपलीकडे असा हळूच सोडला, की तो दोनदा टप्पा घेऊन जागीच बसला.

टाळी वाजवायची की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून जो तो शेजाऱ्याच्या हातांकडे पाहत राहिला. मोठ्याने टाळ्या वाजल्या त्या पुढच्या रांगेतल्या एकाच बाईच्या. पहिला नेटपाशी आला आणि त्याने खेळाडूला मिठी मारली. "पुन्हा कधी?" त्याने विचारलं.

त्याच संध्याकाळी दोघांची नावं यादीतून कायमची खोडली गेली. आता ते रोज सकाळी ताईच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत दोरी बांधून खेळतात. त्यांच्या तारा सतत तुटतात आणि ताईची पाठ पुन्हा दुखू लागली आहे. ती याबद्दल मोठ्या आनंदाने तक्रार करते. कधीकधी गंभीर चेहऱ्याचा एक माणूस रजा टाकून येतो आणि रेषेबाहेरचे चेंडू आणून देतो.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. चौकशी समितीने सामन्याची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली, तेव्हा तिला अधिक गंभीर प्रकार आढळला. चेंडू डावीकडे गेला तेव्हा प्रेक्षकांतल्या बारा हजार माना डावीकडे वळल्या होत्या. उजवीकडे गेला तेव्हा उजवीकडे. असं सत्तावीस वेळा. न-खेळाच्या सामन्यात चेंडूकडे मान वळवणं म्हणजे खेळात भाग घेणं, असा समितीने निष्कर्ष काढला आणि बारा हजार जणांना नोटिसा धाडल्या.

ताईने उलट टपाली उत्तर दिलं, 'वळली. पुन्हा वळवीन.' तिला स्टेडियममध्ये येण्यास आजन्म बंदी झाली. बाकी अकरा हजार नऊशे नव्व्याण्णव जणांनी आठवड्याच्या आत डॉक्टरचा दाखला जोडला. मजकूर सगळ्यांचा एकच होता. 'सदर इसमाची मान जन्मापासून आखडलेली असून ती कोणत्याही बाजूस, कोणत्याही कारणास्तव वळू शकत नाही.' आईवडिलांनीही दिला. देताना वडिलांनी मान खाली घातली, तेवढी अजून हलत होती. समितीने सर्वांना सन्मानाने निर्दोष सोडलं. तो दाखला पुढे बाकीच्या कचेऱ्यांतही चालू लागला. रस्त्यावर, रांगेत, शेजारच्या घरात काही घडलं तरी तो दाखवता येतो, आणि त्याला मुदत नाही.

तुम्ही तुमचा दाखला कुठे ठेवलाय ते एव्हाना विसरला असाल. मागच्याच कपाटात असेल. पण वळून बघू नका. वळताना कुणी पाहिलं तर पंचाईत होईल.